चौदावी स्लाईड

भाचा सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं उद्योजकतेच्या विषयाचं प्रेझेंटेशन दाखवलं. हळद पावडर विकायचं ॲप, तेरा स्लाईड. मी विचारलं, "राजापुरी हळद क्विंटलला काय भावानं धरलीस? अडत, हमाली, तोलाई?" पोरगं गप्प. मग म्हणालं, "मामा, ते सरांनी विचारलेलंच नाही." आणि मार्केट यार्ड ह्याच्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर!

स्लाईडवर किर्लोस्करवाडी होती, 1910 सालासकट. पण त्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून बस्तान हलवावं लागलं होतं आणि औंधच्या राजांनी माळाची जागा दिली तेव्हा कारखाना उभा राहिला, हे काही नव्हतं.

आमच्या विट्याच्या ग्रुपवर यावरून जुंपली. एक गट म्हणतो, धंदा वर्गात येत नाही, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, भट्टीपुढंच येतो. दुसरा म्हणतो, शिकवलाच नाही तर पोरं एमपीएससीच्या अभ्यासिकेतच म्हातारी होतील. मी इतकी वर्षं पहिल्या गटात. माझा चुलतभाऊ सोळाव्या वर्षी कोईमतूरला पाहुण्यांच्या दुकानात गेला. दोन वर्षं नुसती भट्टी पेटवली, मुशी पुसल्या. मग टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढायला शिकला, मग मालकाच्याच उसनवारीवर स्वतःचं दुकान. पण ज्यांचं दुकान बुडालं ते जत्रेला गावी येत नाहीत. त्यांची गोष्ट ना भट्टीपुढं कुणी सांगतं, ना वर्गात.

मी राहतो तिथं, जर्मनीत स्टुटगार्टमध्ये, पोरं फार धाडसी आहेत असं मुळीच नाही. त्यांनाही बॉश कंपनीची कायमची नोकरी हवी असते, आपल्याकडच्या सरकारी नोकरीसारखी. पण आमच्या गल्लीतला बेकरीवाला बुडाला, तेव्हा त्यानं कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. 2020 पासून इथं असा माणूस तीन वर्षं ठरावीक मर्यादेवरची कमाई ज्यांचं देणं आहे त्यांच्यासाठी सोडतो आणि नियम पाळले तर उरलेलं बहुतेक कर्ज माफ होतं. आज तो दुसऱ्याच्या बेकरीत पहाटे तीनला कामाला जातो आणि आपलं कुठं चुकलं ते खुशाल सांगतो. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला साध्या माणसासाठीचा भाग बराचसा अजून लागूच झालेला नाही. तोवर कर्ज बसतं जामीन राहिलेल्या काकाच्या डोक्यावर.

म्हणून भाच्याला म्हटलं, चौदावी स्लाईड घाल: पैसे संपले तर काय, जामीन कोण, दुकान बंद कसं करायचं.

"नको मामा," तो म्हणाला. "मार्क कापतील."