जांभळा नकाशा म्हणजे अंदाज नव्हे

दर हिवाळ्यात समाजमाध्यमांवर एक नकाशा फिरतो. जीएफएस या हवामानाचा अंदाज काढणाऱ्या अमेरिकी संगणकीय मॉडेलचा, दहा दिवसांनंतरचा. अर्धा प्रदेश जांभळा, वर ‘६० सेंटिमीटर बर्फ, ताशी १५० किलोमीटर वारा’ आणि खाली, ‘मॉडेलने सांगितलंय, हवामान खातं लपवतंय.’

मॉडेलने सांगितलं, पण कोणत्या रनने, म्हणजे कोणत्या वेळच्या गणिताने? जीएफएस दिवसातून चारदा चालतं. सकाळच्या रनमधलं वादळ संध्याकाळी शेकडो किलोमीटर सरकलेलं असतं, कधी पार नाहीसं होतं. सुरुवातीच्या नोंदींतली बारीकशी चूक दिवसागणिक फुगत जाते, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३मध्येच दाखवलं. म्हणूनच युरोपीय हवामान अंदाज केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५० वेगवेगळ्या रन घेतं. त्यांतल्या चारांत वादळ दिसलं तर नजर ठेवावी, चाळीसांत दिसलं तर तयारीला लागावं. फिरणारा नकाशा एकाच रनचा असतो.

सगळ्यात मोठी गफलत त्या ६० सेंटिमीटरमध्ये आहे. असे बरेच नकाशे सरसकट एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटिमीटर बर्फ धरतात. शून्य अंशाच्या आसपास पडणारा ओला, जड बर्फ याच्या निम्माच भरतो. कडक थंडीतला भुसभुशीत बर्फ दुप्पटही होतो. त्यात वर कुठे उबदार हवेचा थर असला, तर हिमकण वाटेतच वितळतात आणि खाली येताना पुन्हा गोठून बर्फाचे खडे होतात. काही नकाशे या खड्यांनाही ताजा बर्फ समजून मोजतात. म्हणजे मॉडेलचं पाणी अचूक ठरलं, तरी जमिनीवर ३० सेंटिमीटरच साचू शकतो.

वाऱ्याचा आकडा बहुधा ८५० हेक्टोपास्कल पातळीचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा असतो. अधिकृत वारा जमिनीपासून १० मीटरवर मोजतात. वरचा जोर झोतांच्या रूपाने खाली उतरतो हे खरं, पण सगळा नाही.

आणि लपवाछपवी? जानेवारी २०१५मध्ये न्यूयॉर्क शहराला ६० सेंटिमीटरच्या आसपास बर्फाचा इशारा उघडपणे दिला गेला होता. वादळ थोडं पूर्वेकडून गेलं. सेंट्रल पार्कमध्ये सुमारे २५ सेंटिमीटर पडला, लाँग आयलंडच्या पूर्व भागात मात्र ६०च्या वर. त्या वेळी एका अंदाजकाराने जाहीर माफीही मागितली. आदल्या दिवशी जास्त बर्फाची सीमारेषा इतकी निसटते, तर दहा दिवस आधी सेंटिमीटर कोण सांगणार? याउलट मार्च १९९३चं अमेरिकेतलं प्रचंड वादळ येणार, हे सुमारे पाच दिवस आधी ओळखलं गेलं होतं. वादळाची चाहूल आधी लागते, बर्फाचा आकडा शेवटी ठरतो.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. असे तीन नकाशे फुकट गेले की चौथ्या वेळी खरा इशारा येतो, आणि लोक गाडी घेऊन रस्त्यावर असतात. तेव्हा नकाशा पाठवायचाच असेल, तर रनची तारीख आणि वेळ सोबत लिहा, आणि बाकीच्या रन काय म्हणतात तेही.