गोळ्या चालू आहेत, मग आणखी तपासणी कशाला?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. त्यातले दोन ग्रुप आरोग्याच्या कामातल्याच लोकांचे. मजकूर थोडक्यात असा: 'एचआयव्ही असलेल्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आता एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राच्या) गळ्यात घालणार म्हणे. गोळ्या नियमित घेतल्या, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दिसेनासा झाला, की कॅन्सरची भीती संपली. काही त्रास नसताना तिथे हात लावला तर नसलेला रोग चाळवतो. फारच भीती वाटत असेल तर पिशवी काढून टाकावी. आणि तपासायचंच असेल तर कॅन्सरच्या दवाखान्यात चिठ्ठी द्या, केंद्रावर तेवढंच काम उरलंय का?'

शेवटच्या वाक्यातला वैताग खरा आहे, त्यावर सावकाश येतो.

आधी गोळ्या. नियमित एआरटीने, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांनी, या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे बरोबर. संपतो, हे चूक. आपल्याकडे बहुतेकांना मिळणारी टीएलडीची गोळी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर. ही औषधं एचआयव्हीची दोन विकरं (एन्झाइम) अडवतात. कॅन्सर घडवतो तो एचपीव्ही हा वेगळाच विषाणू, आणि त्याच्याकडे ही विकरं नाहीतच. गोळीचा त्याच्यावर थेट परिणाम होत नाही. गोळीमुळे प्रतिकारशक्ती सावरते आणि मग ती त्याला हुसकावते, तेही जमलं तर. कित्येक जणींना एचआयव्ही कळतो तो नवरा अंथरुणाला खिळल्यावर. तोवर सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) खाली गेलेला असतो आणि एचपीव्हीने मुक्काम ठोकलेला असतो.

एरवी एचपीव्हीची लागण बहुतेक बायकांमध्ये दोनेक वर्षांत आपसूक जाते. जिथे टिकते तिथेही कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती ढासळलेली असेल तर हेच अंतर ५ ते १० वर्षांवर येतं. एचआयव्ही असलेल्या बायकांना या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहा पट, असा जगभरच्या आकडेवारीचा हिशोब आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात इतर बायकांची तपासणी तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असलेल्यांची पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. 'गोळ्या चालू असल्यास माफ' असं त्यात कुठेही नाही. उलट मला तर वाटतं, गोळ्यांमुळेच हा प्रश्न आज पुढे आलाय. आपल्याकडे सरकारी एआरटी मोफत सुरू झाली २००४ साली. तेव्हा पंचविशीत असलेली बाई आज पंचेचाळिशी ओलांडून जगते आहे, आणि हा कॅन्सर याच वयात गाठतो.

'काही त्रास नसताना' याचं उत्तर लहान आहे. कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेत त्रास होतच नाही. पाळीच्या मध्येच किंवा संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं सुरू झालं, तर तो कॅन्सर असू शकतो. तेव्हा मग अशा तपासणीची नाही, लगेच डॉक्टरांकडून निदान करून घेण्याची वेळ असते.

हात लावल्याने रोग चाळवतो म्हणणाऱ्यांनी एकदा तपासणी बघावी. व्हीआयए या तपासणीत सिरक्याच्या ताकदीचं अ‍ॅसिटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. एचपीव्ही चाचणीत तर नुसता ब्रश फिरवून नमुना घ्यायचा. तो बाईला स्वतःलाही घेता येतो. यातल्या कशानेच कॅन्सर पसरत नाही.

पिशवी काढण्याचा सल्ला वाचून मात्र संताप आला. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांमधल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. 'काढली नाही तर कॅन्सर होईल' असं सांगून ती काढल्याचं त्यातल्या अनेकींनी सांगितलं होतं. तीच भीती आता एचआयव्हीच्या नावाने विकायची का? आधीच्या अवस्थेतला डाग बहुतेक वेळा थर्मल अ‍ॅब्लेशनने, म्हणजे तापवलेल्या टोकाने मिनिटभरात जाळता येतो. भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. डाग मोठा असेल किंवा आत गेला असेल तर तेवढा भाग काढतात.

आता केंद्राचं काम. गर्दी आहे, सिस्टर कमी आहेत, पडदा लावायला धड कोपरा नाही, हे सगळं मान्य. व्हीआयएत बघणाऱ्याच्या नजरेवर बरंच अवलंबून असतं आणि पाळी गेलेल्या बाईत तो भाग नीट दिसत नाही, हेही मान्य. पण तज्ज्ञ डॉक्टरांशिवाय हे होत नाही, हे मुंबईनेच खोटं ठरवलंय. टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्या वस्त्यांमधल्या अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी व्हीआयए केली आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात केलेल्या अभ्यासात एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे दोन्ही अभ्यास एचआयव्हीबाधित बायकांपुरते नव्हते. झांबियात लुसाकाचा कार्यक्रम नेमका या प्रश्नातूनच उभा राहिला. २००६ पासून तिथे एआरटी मिळणाऱ्या सरकारी दवाखान्यांतच नर्स व्हीआयए करू लागल्या. त्या गर्भाशयमुखाचा फोटो काढत, अडलं तर तो डॉक्टरांना दाखवत आणि जमेल तिथे त्याच दिवशी उपचार करत. पहिल्या आठ वर्षांत एक लाखाहून जास्त बायका तपासल्या गेल्या. तपासणी सगळ्याच बायकांना खुली होती, त्यामुळे त्या दारात उभी असलेली प्रत्येक बाई एचआयव्हीचीच, असा शिक्का बसला नाही.

चिठ्ठीचं काय होतं ते केंद्रावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. बाई सकाळच्या एसटीने आलेली असते, मजुरी बुडालेली असते. दुसऱ्या दवाखान्यात दुसरी रांग लागते आणि केसपेपर काढताना चारचौघांत 'एचआयव्ही आहे का' हे पुन्हा सांगावं लागतं. चिठ्ठी पर्समध्येच राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत. बाकीच्या बायकांना शोधून आणावं लागतं. ही बाई मात्र गोळ्यांसाठी वर्षातून कितीतरी वेळा आपणहून समोर येऊन बसते. तिला नमुन्याची काडी देऊन मधल्या वेळात बाथरूममध्ये पाठवता येतं, त्याला टेबल लागत नाही, पडदाही नाही. डाग जाळला असेल तर बारा महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं, कारण एचआयव्हीत तो परत येण्याची शक्यता जास्त. ती तारीख तिच्या एआरटीच्या कार्डावर, पुढच्या गोळ्यांच्या तारखेशेजारीच लिहिता येते.