किलवरची दुर्री

आज सकाळी पोह्यांच्या बश्या पुढ्यात आल्या आणि भाच्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "मावशी, हे बघ." पोकरच्या ॲपचे जुने स्क्रीनशॉट. अकरा होते, मोजले मी. अकराच्या अकरा जिंकलेले डाव. वर साहेब म्हणतात, "ॲप बंद झाली म्हणून, नाहीतर मी सगळं वसूल केलं असतं. आता डिसेंबरात गोव्याला जाऊ, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर."

वसूल! या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. किती घालवलेस विचारलं तर "सहा-साडेसहा हजार असतील" म्हणाला. असतील? इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस ना रे तू? आणि गेले कसे, तर "नशीब". बहीण मधे पडली, "अगं, खाऊ तरी दे त्याला." नाही दिलं मी.

आता खरं सांगते. तुमच्यापैकी दोघी-तिघी सोडल्या तर कुणालाच हे माहीत नाही, पण मीही खेळायचे. लॉकडाऊनमध्ये लागलं. एक-दोनचं टेबल, म्हणजे ब्लाइंड (पानं वाटण्याआधीच दोघांना सक्तीने लावायला लागणारे पैसे) एक आणि दोन रुपये, दोनशे रुपये घेऊन बसायचं. दिवाळीत तीन पत्ती आपण सगळेच खेळतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, त्यातलाच प्रकार असं मी स्वतःला सांगितलं होतं. दोनशे रुपयांचं काय एवढं!

तर ती संध्याकाळ. मी ओट्याशी मेथी निवडत होते, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला. हातात किलवरची अठ्ठी आणि पंजी. हे पानच मुळात टाकून द्यायचं, पण ते असो. खाली, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या सगळ्यांच्या सामाईक पाच पानांपैकी, किलवरचा राजा, किलवरची तिर्री, बदामची राणी, मग इस्पिकची दश्शी. म्हणजे माझी चार किलवर झाली, अजून एक आलं की कलर, एका रंगाची पाच पानं. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, साठ रुपये. समोरच्याने उरलेले सगळे एकशे चाळीस लावले. माझ्या हाताला मेथीची माती, पंधरा सेकंदांचा पट्टा लाल व्हायला लागलेला. मी करंगळीने कॉल दाबलं, म्हणजे तेवढेच एकशे चाळीस मीही लावले.

आणि शेवटचं पान आलं किलवरची दुर्री.

मी एवढ्या जोरात ओरडले की नवरा बाहेरून धावत आला. "काय झालं?" "किलवरची दुर्री आली!" "कोण आली?" बिचारा दाराकडे बघत होता. समोरच्याकडे एक्का-राजा निघाला, म्हणजे त्याची नुसती राजांची जोडी. मी तो स्क्रीनशॉट तिघींना पाठवला, हसऱ्या तोंडांसकट.

माझी पोकरमधली सगळ्यात महागडी चूक ही. जिंकलेला डाव.

हेच मी पोह्यांवर त्या मुलाला सांगत होते आणि तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. मग कागद घेतला. न दिसलेली पानं ४६, त्यात किलवर ९. हाच डाव ४६ वेळा खेळलो असं धर. ९ वेळा मला पॉटमधले ६० आणि त्याचे १४० असे २०० मिळणार, झाले १८००. ३७ वेळा माझे १४० जाणार, झाले ५१८०. म्हणजे त्या एका कॉलमागे सरासरी ७३ रुपये तोटा. पान काय आलं याच्याशी त्याचा संबंध नाही, करंगळी टेकली तेव्हाच ते ७३ गेले. वर ३४० च्या पॉटमधून ॲपने पाच टक्के रेक, म्हणजे स्वतःचं कमिशन, कापला तो वेगळा, १७ रुपये. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची खाती जुळवणारी बाई मी! एखाद्या क्लायंटने असा हिशेब दाखवला असता तर त्याला उभा-आडवा सोलला असता.

पण दुर्री आली ना. म्हणून पुढचे आठ महिने चार पानं एका रंगाची दिसली की मी कॉल. कितीही लावू दे समोरचा. यायचीच एखाद्या वेळी, पाचातून एकदा येतेच, आणि तेवढी लक्षात राहायची. उरलेल्या चार वेळा "नशीबच फुटकं". पासबुकात ओळीने दोनशे, दोनशे, दोनशे. नंतर एका रविवारी बसून मोजले: त्रेपन्न वेळा दोनशे, एकदा हजार. परत काढलेले एकोणीसशे. निव्वळ ९७०० रुपये गेले.

हो, मान्य, ९७०० ने कुणाचं घर बुडत नाही. लाखांची कर्जं झालेली माणसं आहेत, त्यांच्यापुढे हे काहीच नाही. पण लहान रक्कम होती म्हणूनच मी आठ महिने बघितलं नाही. एकदम दहा हजार गेले असते तर दुसऱ्याच दिवशी ताळ्यावर आले असते.

त्या हजाराचंही सांगते, कारण तिथे तर मी "वसूल" करायलाच गेले होते. रात्री साडेअकरा, लागोपाठ तीनदा हरलेली, तोंड कडू. एक-दोन सोडून थेट पाच-दहाच्या टेबलावर. तिथे मला राजांची जोडी आली, जी सरासरी २२१ डावांत एकदा येते. पान उघडायच्या आधीच दोघांचे सगळे पैसे आत, आणि समोरच्याकडे एक्क्यांची जोडी. दहा-पंधरा मिनिटांत हजार साफ. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. गंमत म्हणजे त्या डावात माझं काही चुकलं नव्हतं. राजे घेऊन तिथे कुणीही तेच केलं असतं. चूक पत्त्यांत नव्हती, ती बाई साडेअकराला चिडून त्या टेबलावर बसलीच का, यात होती.

मग मी एक वही केली. हरलेले डाव लिहायचेच, पण जिंकलेलेही लिहायचे. हातात काय, पॉट किती, मला किती भरायचे होते, आणि शेवटी काय आलं तो रकाना झाकून ठेवायचा. हात ठेवून, शब्दशः. पंधरा दिवसांत इतकी लाज वाटली की विचारू नका. माझ्या जिंकलेल्या डावांपैकी निम्मे तरी मूर्खपणाचे होते. एक्क्याबरोबर कुठलंही भिकार पान धरून बसायचे. समोरचा शेवटी मोठी रक्कम लावतोय म्हणजे त्याच्याकडे खरंच काहीतरी आहे, एक-दोनच्या टेबलावर लोक फारसे ब्लफ मारत नाहीत, हे कळायला मला वर्ष लागलं.

"पोकर कौशल्याचा खेळ आहे" म्हणणारे इथे कमेंटमध्ये येतीलच. आहे, बाबा, आहे. ते कौशल्य माझ्याकडे नव्हतं, एवढंच.

आणि या मुलाच्या वेळी तर प्रकरण आणखी महाग झालेलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी, त्याआधी एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस. कुठून वसूल करणार होतास रे? ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पोकर काय नि रमी काय. मला बरंच वाटलं. पण या पोराला वाटतंय की सरकारने त्याची जिंकायची पाळी हिरावली. ॲप गेलं, डोक्यातला हिशेब तसाच आहे. तो घेऊन हा बोटीवर चढणार, आणि तिथे दोनशे रुपयांत कुणी बसू देत नाही.

हे टाइप करता करता राग उतरलाय जरा. जास्तच बोलले मी त्याला. एकवीस वर्षांचा आहे. मी त्रेचाळिसाव्या वर्षी हेच करत होते, तेही मेथी निवडताना. आणि त्याने निदान मला दाखवलं तरी, मी आठ महिने नवऱ्यालासुद्धा आकडा सांगितला नव्हता. निघताना डबा दिला लाडवांचा, जुनी वहीपण दिली. घेतली मुकाट्याने, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आत्ता बसमधून त्याचा मेसेज आलाय. वहीतल्या त्या डावाच्या पानाचा फोटो काढून पाठवलाय, आणि खाली लिहिलंय, "पण मावशी, दुर्री आली होती ना?"

अजून उत्तर दिलेलं नाही.