आत्या, पोथ्या गंगेत सोडू नकोस

रविवारी सकाळी नाशिकहून आत्याचा फोन. आजोबांच्या माळ्यावरच्या पोथ्या पौर्णिमेला गंगेत सोडते म्हणाली. का, तर "ग्रुपवर आलंय ना!" तो मजकूर मीही तीन ग्रुपांवर पाहिलाय. थोडक्यात असा: मूळ वेद जर्मनांनी पळवले, आपलं ज्ञान मुखोद्गत होतं, ग्रंथालयं हे इंग्रजांचं खूळ, आता सगळं नेटवर मिळतं, आणि घरच्या पोथ्या ग्रंथालयांना देऊ नका, ते परदेशात विकतात, त्यापेक्षा सन्मानाने विसर्जन करा.

आधी जर्मन. पुण्याच्या भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं आहेत. २००७ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात त्यांची नोंद केली. त्यांतली शारदा लिपीतली, भूर्जपत्रावरची प्रत १८७५ च्या दौऱ्यात काश्मिरातून आणली ती गेऑर्ग ब्यूलर यांनी, मुंबई सरकारसाठी. ब्यूलर जर्मन. म्हणजे जर्मनाने वेद नेला खरा, पण तो येऊन पोचला पुण्यात! बाहेर काहीच गेलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेलं, शून्यासाठी टिंब वापरणारं बख्शाली हस्तलिखित आज ऑक्सफर्डला आहे. एवढं मान्य.

मुखोद्गत? वेदांपुरतं बरोबर, वेद अक्षरन् अक्षर पाठ म्हणणाऱ्या घनपाठ्यांपुढे हात जोडावेत. पण सगळंच ज्ञान कुणी पाठ करून ठेवलं नव्हतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं नाव विद्वानांना ठाऊक होतं, अख्खा ग्रंथ हाती नव्हता. १९०५ च्या सुमारास तंजावर भागातल्या एका पंडिताने आपल्याकडचं हस्तलिखित म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयात आणून दिलं. ग्रंथपाल शामशास्त्रींनी ते वाचलं आणि १९०९ मध्ये छापलं. त्या पंडिताला हाच मजकूर कुणी पाठवला असता तर?

आणि हळद. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्याकडे घरोघरी हळद लावतात, हे त्या वेळच्या अमेरिकन कायद्याला पुरत नव्हतं. परदेशातला वापर जमेस धरायचा तर लेखी, प्रसिद्ध झालेला पुरावा हवा. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख. संस्थेने ३२ संदर्भ काढले, त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेखही. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आजीने माझ्या गुडघ्याला फासलेली हळद तिथे साक्षीला उभी राहिली नसती. कुणीतरी लिहिलेलं, कुणीतरी कपाटात जपलेलं पान उभं राहिलं.

नेटवर सगळं आहे म्हणे. नेटवर जे आहे ते कुठल्यातरी कपाटातूनच स्कॅन झालंय. आत्याचा माळा अजून कुणी स्कॅन केलेला नाही.

आता विकण्याचं. ग्रंथालयांचा कारभार ढिला असतो, हे मला कुणी सांगायला नको. दोन पानांच्या छायाप्रतीसाठी एका ठिकाणी मी तीन खेटे घातलेत, तिसऱ्यांदाही साहेब जेवायलाच गेले होते. म्हणून पोथी नदीत? देताना पोच घ्या, नोंदीचा क्रमांक मागा, मन मानत नसेल तर नुसते फोटो काढू द्या. नदी पोच देत नाही. "आमची तर साधी नक्कल आहे" हेही सांगू नका. महाभारताच्या चिकित्सक, म्हणजे अनेक प्रती ताडून तयार केलेल्या आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं जमवली होती, सगळ्या नकलाच.

शेवटी व्हिडिओ कॉलवर आत्याला बाड सोडायला लावलं. लाल रुमाल, वरखाली लाकडी फळ्या, कडेला कसरीने खाल्लेली सुटी पानं. एका पानावर पिवळा डाग. "हळद सांडली वाटतं," ती म्हणाली. हळद नव्हे, हरताळ, म्हणजे एक पिवळं खनिज. लिहिताना चूक झाली की त्यावर हरताळ फासायचा आणि वर नीट अक्षर काढायचं. आत्या जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे कुणीतरी बसून तपासलंय हे."

बाड आता सुती कापडात, कपाटात आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नकोस, एवढं दोनदा बजावलं. फोन ठेवता ठेवता विचारते, "मग ग्रुपवर काय उत्तर देऊ?"

हेच पाठव.