'पुस्तकं उघडून बघा' म्हणणाऱ्या कराडच्या वाचकांना

बजेटमध्ये आकडा छापला म्हणजे हिशोब दिला असं होत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, त्यावर कराडच्या एका वाचकांनी प्रतिक्रिया टाकलीय. त्यांचं म्हणणं असं, की राज्याचं सगळं बजेट वेबसाईटवर आहे, निधी वाटपाची बीम्स ही ऑनलाइन प्रणाली आहे, वर सरकारी खर्च तपासणारं कॅग आणि त्याचे अहवाल तपासणारी आमदारांची लोकलेखा समिती आहे, मग पारदर्शकता नाही म्हणून ओरडायचं कारण काय? आणि शेवटी, "सांगलीत बसून लिहिण्याआधी पुस्तकं उघडून बघायची तसदी घ्या."

हे शेवटचं वाक्य लागलं, खोटं कशाला बोलू. मुद्दा खोडा की, पण समोरचा न वाचताच लिहितो हे परस्पर ठरवून टाकायचं, ही कुठली पद्धत? मी उमेदीची वर्षं इथं एका ठेकेदाराकडं बिलं बघण्यात घालवलीत. ३१ मार्चची रात्र, एमबी (कामाच्या मोजमापाचं पुस्तक) भरलेली, सह्या झालेल्या, बिल तयार आणि क्लार्क सारखा बीम्स उघडून बघतोय ग्रँट पडली का, आणि मध्यरात्रीच्या तोंडावर एकदाची पडली तर मागितलेल्याच्या चौथाई. बाकीचं पुढच्या वर्षी बघू. मजुरांना हे सांगायला मालक मला पुढं करायचा. तेव्हा तसदीचं मला सांगू नका.

बीम्समुळं कुठल्या ऑफिसला किती निधी सुटला ते कळायला लागलं हे मान्य, आधी तेवढंही नव्हतं.

पण पुस्तकं उघडाच म्हणता तर उघडू. २०२५-२६ च्या बजेटच्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्चाचा रकाना २०२३-२४ चा आहे आणि २०२४-२५ चा नुसता सुधारित अंदाज. म्हणजे खरा आकडा हातात येईस्तोवर अधिकारी बदललेला, कधी मंत्रीपण बदललेला, जाब विचारायचा कुणाला? २०२४ लाच बघा, २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला आणि पंधरवडा व्हायच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या (बजेटच्या वरच्या खर्चाला मंजुरी), त्यात लाडकी बहीणचे २५,००० कोटी. पुरवणीची सोय घटनेच्या कलम २०५ मध्येच आहे, ते ठाऊक आहे मला, पण ज्या भाषणात योजना जाहीर केली त्याच बजेटमध्ये हा पैसा का नाही धरला? आणि जत-आटपाडीकडं गावोगाव फ्लेक्स लागतात, 'बजेटमध्ये रस्ता मंजूर', आभार, फोटो सगळं, यादीत मात्र कामापुढं तरतूद नावापुरती. आकडा छापला म्हणजे हिशोब दिला असं होत नाही हो, एवढंच मी लिहिलं होतं.

कॅगचं म्हणाल तर अहवाल बऱ्याचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात येतो, मग चर्चा कधी करायची? त्यावर जास्त बोलत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या तालुक्यातलं एकच काम घ्या आणि मूळ तरतूद, सुधारित आकडा आणि प्रत्यक्ष सुटलेली रक्कम तिन्ही लिहून पाठवा. शब्दही न बदलता इथं टाकतो. फक्त परत त्या सुरात बोलू नका.