हिरवं पाणी आणि ‘चांगला’ शेरा

रंकाळ्याचं पाणी हिरवं पडलं किंवा पवईवर जलपर्णी पसरली की मराठी बातम्यांत ठरलेला वाद रंगतो. जलपर्णी यंत्राने काढायची की मजूर लावून, कारंजी बसवायची की जीवाणूंचं द्रावण सोडायचं? तेवढ्यात कोणीतरी जल-गुणवत्ता निर्देशांक पुढे करतो: पाणी तर ‘चांगलं’ आहे! सिएटलमध्ये बसून हे वाचताना खटकतं ते असं, की या वादात शेवाळ आणि जलपर्णी ज्यावर पोसतात त्या फॉस्फरसचा आकडा क्वचितच कोणी मागतो.

निर्देशांकात तो नाहीच. महाराष्ट्रात वापरात असलेला निर्देशांक चार गोष्टींवर उभा आहे: विरघळलेला प्राणवायू, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू), सामू आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणू. नदीत मैलापाणी मिसळतंय का, हे त्यातून ठीक कळतं. तलावाचं दुखणं वेगळं असतं. भरदुपारी शेवाळ स्वतःच प्राणवायू सोडत असतं, म्हणून पाणी ठणठणीत दिसतं. त्याच जागी पहाटे मोजलं तर मासे तडफडतील इतका तो उतरलेला सापडू शकतो. दुपारी काठावरून बादलीभर पाणी घेतलं की तलाव पास.

इथल्या लेक वॉशिंग्टनमध्ये शुद्धीकरण केंद्रांचं प्रक्रिया केलेलं पाणी सुटत असे, आणि त्यासोबत फॉस्फरसही. 1955 साली त्यात नीलहरित शैवाल ठळकपणे दिसलं. या तलावाचा अभ्यास करणारे प्राध्यापक एडमंडसन यांच्या हाताशी 1933 सालच्या मोजण्या होत्या, त्यामुळे काय बदललं हे आकड्यांत दाखवता आलं. 1958 साली लोकांनी मतदानाने सांडपाण्यासाठी नवी यंत्रणा उभी केली आणि 1963 ते 1968 या काळात सांडपाणी तलावापासून वळवलं गेलं. जेमतेम एक मीटरवर आलेली पारदर्शकता पुढच्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली.

पण म्हणून ‘सिएटलसारखं करा’ असं सांगणं भाबडेपणाचं होईल. लेक वॉशिंग्टन सरासरी 33 मीटर खोल आहे. आपले शहरी तलाव उथळ आणि गाळाने भरलेले. याच शहरातला उथळ ग्रीन लेक बघा. तिथे तळाच्या गाळातला फॉस्फरस बांधून ठेवायला 1991, 2004 आणि 2016 अशी तीनदा तुरटीच्या जातीची रसायनं टाकावी लागली. तळाशी प्राणवायू संपला की लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटून वर येतो. नाला बंद केल्यावरही पाणी काही वर्षं हिरवं राहू शकतं ते यामुळे, आणि ‘एवढा खर्च करून काय मिळालं’ ही ओरडही तेव्हाच सुरू होते.

मोजायचं कसं? होडीने सर्वांत खोल जागी जायचं. पाण्याची पारदर्शकता मोजणारी 20 सेंटिमीटरची काळी-पांढरी सेची तबकडी सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची. मग दर मीटरला तापमान आणि प्राणवायू, अगदी तळाच्या अर्ध्या मीटरपर्यंत. फॉस्फरससाठी बाटली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेली हवी. कपडे-भांड्यांच्या साबणाने धुतली तर त्यातला फॉस्फेट मोजला जाण्याची भीती असते. नमुना न गाळता एकूण फॉस्फरस काढायचा. इथे नेहमी फसगत होते: नुसता विरघळलेला फॉस्फेट तपासला तर हिरव्यागार तलावातही तो नगण्य येतो, कारण शेवाळाने तो आधीच गिळलेला असतो. क्लोरोफिलचा, म्हणजे शेवाळ किती आहे ते सांगणाऱ्या हरितद्रव्याचा नमुना मात्र लगेच गाळून, गाळणकागद अंधारात गोठवून न्यायचा. उन्हात राहिला तर आकडा खाली येतो. तलावातलं पोषण मोजणाऱ्या कार्लसनच्या 1977 सालच्या मोजपट्टीवर एकूण फॉस्फरस लिटरला सुमारे 24 मायक्रोग्रॅम किंवा पारदर्शकता दोन मीटर, म्हणजे अतिपोषणाचा उंबरठा. ही मोजणी महिन्यातून एकदा तरी, वर्षभर. एका नमुन्यावर भांडण होतं, निदान होत नाही.

आणि नाल्याच्या तोंडाशी प्रवाह मोजल्याशिवाय हे सगळं अर्धवट. समजा नाल्यातून रोज 10 लाख लिटर पाणी येतं आणि त्यात लिटरला 3 मिलिग्रॅम फॉस्फरस आहे. म्हणजे रोज 3 किलो. तलावात 10 लाख घनमीटर पाणी असेल आणि काहीच तळाला बसलं वा वाहून गेलं नाही, तर रोज लिटरला 3 मायक्रोग्रॅमची भर, आठवड्याभरात उंबरठ्याजवळ. उलट ओल्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ढोबळ हिशेबाने एक टन जलपर्णी काढली तर 200 ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस निघतो. त्या एका नाल्याशी बरोबरी करायला रोज 15 टन उपसावी लागेल, तीही दूर नेऊन. काठावर ढीग लावला तर कुजून त्याचा रस परत तलावातच उतरतो.

जलपर्णीच्या निविदेत किती टन उपसली हे लिहिलेलं असतं. नाल्यातून किती किलो आलं, हा रकाना त्याच कागदावर शेजारी छापायला फार खर्च येत नाही.