जपानमध्ये भूकंपात माणसं मरत नाहीत?

जपानमध्ये मोठा धक्का बसला, की आपल्याकडे एक मराठी फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. जपानमध्ये रोज भूकंप होतात, तरी कुणी मरत नाही. तिथली प्रत्येक इमारत स्प्रिंगवर उभी असते. भूकंप येणार हे मोबाइलवर आधीच कळतं. किनाऱ्याला भिंत बांधून त्यांनी त्सुनामी अडवली. २०११ मध्ये वीस हजार लोक गेले ते फुकुशिमाच्या अणुभट्टीमुळे. आणि हे सगळं जमतं, कारण शिस्त त्यांच्या रक्तातच आहे. शेवटी ‘आणि आपल्याकडे किल्लारी’ हा टोमणा ठरलेला. जपानचं कौतुक करायला आमची हरकत नाही, पण या मजकुरात कौतुक भलत्याच गोष्टींचं झालं आहे.

‘कुणी मरत नाही’

१ सप्टेंबर १९२३, सकाळचे ११:५८. टोकियो-योकोहामा परिसरात ७.९ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि सुमारे १,०५,००० माणसं गेली. दर दहांपैकी जवळपास नऊ जण आगीत गेले. दुपारच्या स्वयंपाकाची वेळ, घरोघरी पेटलेल्या चुली, लाकडी घरांची दाटी, त्यात वादळामुळे सुटलेला जोराचा वारा. होन्जो भागातल्या लष्करी कपड्यांच्या कोठाराच्या मोकळ्या आवारात लोक गाद्या, कपाटं, बोचकी घेऊन जमले. ठिणग्या त्या सामानावर पडल्या, आगीची वावटळ उठली आणि त्या एका आवारात सुमारे ३८,००० माणसं मेली.

२६ सप्टेंबर १९५९ ला इसे उपसागरातल्या चक्रीवादळात नागोया बंदरात समुद्राची पातळी ३.८९ मीटरवर गेली. लाकडाच्या वखारींतले ओंडके पाण्याबरोबर वस्तीत घुसले. मृत आणि बेपत्ता मिळून पाच हजारांवर. १७ जानेवारी १९९५ ला कोबेतल्या भूकंपात ६,४३४ गेले. ११ मार्च २०११ ला ईशान्येकडच्या तोहोकू भागातल्या भूकंप आणि त्सुनामीत सुमारे १५,९०० मृत आणि अडीच हजारांवर बेपत्ता. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात घरं कोसळून, डोंगर घसरून, आगीत सव्वादोनशेहून अधिक जण गेले आणि नंतरच्या महिन्यांत निवाऱ्यांतली थंडी, आजारपण, थकवा यांनी त्याहून जास्त.

रोजचे भूकंप निभावतात हे खरंच आहे, कारण त्यातले बहुतेक मुळात छोटे असतात. शिवाय मारेकरी दर वेळी वेगळा असतो: १९२३ मध्ये आग, १९५९ मध्ये वादळाने चढलेलं समुद्राचं पाणी, १९९५ मध्ये घराचं छप्पर, २०११ मध्ये समुद्र. आधीच्या संकटावरून केलेला नियम पुढच्या संकटाला पुरला नाही, असं तिथे वारंवार झालं आहे.

‘प्रत्येक इमारत स्प्रिंगवर’

इथे थोडं थांबायला हवं, कारण यातूनच आपल्याकडे सर्वात चुकीचा धडा घेतला जातो.

जपानमध्ये इमारती तीन प्रकारे वाचवतात. पहिला प्रकार म्हणजे खांब, तुळया, भिंती मजबूत करून इमारतीने धक्का स्वतःच सोसायचा. दुसरा, मजल्यांमध्ये डॅम्पर बसवून हेलकावा जिरवायचा. तिसरा तो फॉरवर्डमधला: पाया आणि इमारत यांच्यात रबर आणि पोलादी पत्र्यांचे एकावर एक थर असलेले बेअरिंग बसवायचे. या तिसऱ्या प्रकारच्या इमारती काही हजार आहेत, देशात घरं सुमारे साडेसहा कोटी. अशा इमारतीभोवती साधारण अर्धा मीटर रुंदीची फट मोकळी ठेवावी लागते, कारण भूकंपात सगळा डोलारा आडवा सरकतो. त्या फटीत कुणी सामान रचलं किंवा पुढे रॅम्प बांधला, तर इमारत त्यावर आदळते. पाण्याचे आणि गॅसचे नळ लवचीक जोडांचे नसले तर तिथेच तुटतात. आणि उभ्या धक्क्याला हे बेअरिंग जवळजवळ काहीच करत नाहीत. शिवाय २०१५ मध्ये रबरी बेअरिंगच्या आणि २०१८ मध्ये डॅम्परच्या चाचण्यांचे आकडे उत्पादकांनीच फिरवल्याचं उघड झालं.

बाकीच्या इमारती कशावर उभ्या आहेत? नियमांवर. आणि त्या नियमांना तारखा आहेत. जून १९८१ पासून लागू झालेल्या नियमाचा हेतू असा: मध्यम धक्क्यात इमारतीला मोठी इजा होऊ नये, आणि फार मोठ्या धक्क्यात ती पडू नये. नंतर ती राहण्याजोगी उरेल, असं वचन त्यात नाही. भूकंपातून वाचलेली इमारत पुढे पाडून टाकावी लागली, तरी नियमाच्या हिशेबात ती पास झालेली असते.

कोबेत पहाटे ५:४६ ला जे मेले, त्यांतले चारपंचमांश घराखाली चिरडून किंवा गुदमरून मेले. घरं मुख्यतः १९८१ पूर्वीची, लाकडी सांगाड्याची, वर मातीच्या थरावर बसवलेली जड कौलं, आणि खाली तिरके आधार अपुरे. वजन डोक्यावर आणि पाय लुळे, अशी ती रचना. उन्हाळ्याच्या आणि वादळाच्या दृष्टीने ती सोयीची होती: जड छप्पर वाऱ्याने उडत नाही.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. मॅग्निट्यूड ६.२. चिखलात रचलेल्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं, पावसाळ्यात थर वाढवत जाणारं. कितीतरी घरांत लाकडी खांब उभे राहिले आणि भोवतीचे दगड आत कोसळले. हा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कोबेकडेही ‘आपल्याकडे मोठा भूकंप होत नाही’ हाच समज होता. या दोन भूकंपांत जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर आहे. झोपेची वेळ, जड छप्पर, सुरक्षित असल्याचा भ्रम, तिन्ही सारखे. त्यामुळे किल्लारीशेजारी जपान ठेवायचाच असेल तर कोबे ठेवा.

नियमांनी काय फरक पडतो, याचा स्वच्छ पुरावा कुमामोतोजवळच्या माशिकी गावात मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये तिथे २८ तासांत दोनदा शिंदो या, त्या-त्या जागी जमीन किती हलली ते मोजणाऱ्या जपानी मोजपट्टीवरचा सर्वोच्च, म्हणजे ७ अंशाचा हादरा बसला. गावातल्या सर्वाधिक हानीच्या भागात लाकडी इमारतींची पाहणी झाली, तेव्हा १९८१ पूर्वीच्या २८.२ टक्के कोसळलेल्या आढळल्या, १९८१ ते २००० मधल्या ८.७ टक्के, आणि २००० नंतरच्या २.२ टक्के. २००० मध्ये बदललं काय? स्प्रिंग नव्हे. खांब पायातून उपटू नये म्हणून कोपऱ्यांवर कोणती लोखंडी पट्टी आणि बोल्ट लावायचे हे ठरवून दिलं, आणि मजबूत भिंती घराच्या एकाच बाजूला न ठेवता चारी बाजूंना तोलून वाटायला लावल्या. आधी दक्षिणेला सगळ्या खिडक्या आणि उत्तरेला सगळ्या भिंती, असं घर धक्क्यात पिळवटून पडायचं.

जुनं घर सावरायचं तर तिथे क्रम साधारण असा: आधी तपासणी, मग तिरके आधार किंवा प्लायवूड लावून भिंती घट्ट करणं, सांध्यांना लोखंड, आणि जमलं तर कौलं काढून हलकं पत्र्याचं छप्पर. नोतोमध्ये हेच रखडलं होतं. घरं जुनी, राहणारे सत्तरी-ऐंशीतले, मुलं शहरात. आपल्यानंतर इथे राहणार कोण, मग खर्च कशाला, हा प्रश्न अनुदानाने सुटत नाही.

घर उभं राहिलं तरी आग उरतेच. कोबेत आणि २०११ मध्ये, कारण समजलेल्या आगींपैकी निम्म्याहून अधिक विजेमुळे लागल्या. धक्क्याने हीटर आडवा पडतो, त्यावर कपडे पडतात, वीज गेलेली असते म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. काही तासांनी वीज परत येते आणि रिकामं घर पेटतं. म्हणून घर सोडताना मेन स्विच पाडायचा. हे आपल्याकडेही फुकटात करता येतं.

‘भूकंप आधीच कळतो’

मोबाइलवर जो इशारा येतो तो भूकंप सुरू झाल्यानंतरचा असतो. पहिल्या, सौम्य लहरी सेकंदाला साधारण साडेसहा किलोमीटर धावतात. घरं पाडणाऱ्या लहरी पावणेचारच्या आसपास. केंद्राजवळचं यंत्र पहिली लहर पकडतं, गणित करतं आणि तारेवरून इशारा पुढे धाडतं. केंद्रापासून २० किलोमीटरवर दोन लहरींत अंतरच अडीच सेकंदांच्या आत. तिथे इशारा पोचेपर्यंत घर हलत असतं. १०० किलोमीटरवर पंधरा-वीस सेकंद हाती लागू शकतात. तेवढ्यात गॅस बंद होतो, लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबते, शिंकान्सेन या बुलेट ट्रेनला ब्रेक लागतात. ही सेवा १ ऑक्टोबर २००७ पासून सर्वांसाठी खुली झाली. २०११ मध्ये सेंदाईला सुमारे १५ सेकंद मिळाले, पण भूकंपाचा आवाका सुरुवातीला कमी मोजला गेल्याने टोकियोला सार्वजनिक इशारा गेलाच नाही.

खरं भाकीत करायचा प्रयत्न जपानने केला होता. तोकाई भागातला मोठा भूकंप आधी ओळखता येईल असं धरून १९७८ मध्ये खास कायदा झाला: यंत्रांनी पूर्वखुणा टिपायच्या, पंतप्रधानांनी घोषणा करायची, गाड्या थांबवायच्या. ती घोषणा एकदाही झाली नाही, आणि या काळात मोठे भूकंप कोबे, निगाता, तोहोकू, कुमामोतो इथे झाले. २०१७ मध्ये सरकारने ठाम भाकिताची कल्पना सोडली. ८ ऑगस्ट २०२४ ला दक्षिण किनाऱ्याजवळच्या समुद्रतळातल्या नानकाई खळग्यातल्या भूकंपाबद्दल जी सूचना प्रथमच निघाली, तिचा अर्थ ‘नेहमीपेक्षा शक्यता वाढली आहे’ एवढाच होता, आणि आठवड्याने ती मागे घेतली गेली. ज्वालामुखीचंही तसंच. २७ सप्टेंबर २०१४ ला ओन्ताके फुटला तेव्हा त्याचा धोक्याचा स्तर सर्वात खालचा, १ होता. शनिवार, भर दुपार, माथ्यावर गिर्यारोहक. ५८ मृत, ५ बेपत्ता.

‘भिंतीने त्सुनामी अडवली’

इवाते प्रांतातल्या तारो गावाची भिंत १० मीटर उंच आणि जवळपास २.४ किलोमीटर लांब होती. १८९६ आणि १९३३ च्या त्सुनामींत गाव दोनदा पुसलं गेलं, म्हणून ती बांधली. २०११ मध्ये लाट तिच्यावरून आली, भिंतीचा एक भाग फुटला आणि सुमारे १८० माणसं गेली. त्या दिवशी पहिला इशारा तीन मिनिटांत निघाला, पण त्यात इवाते प्रांतासाठी ३ मीटर हा आकडा होता. दहा मीटरच्या भिंतीआड बसलेल्या माणसाने तो ऐकून काय ठरवलं असेल? आकडे वाढवून सांगितले गेले ते २८ मिनिटांनी, आणि तोवर अनेक ठिकाणी वीज गेलेली होती. २०१३ पासून म्हणूनच अशा महाकाय भूकंपात पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगत नाहीत, फक्त ‘प्रचंड’ म्हणतात.

फुदाई गाव मात्र नदीवरच्या १५.५ मीटर उंच पूरदरवाजामुळे वाचलं. तिथले सरपंच कोतोकू वामुरा यांनी १८९६ ची लाट लक्षात ठेवून, खर्चाची टीका सोसून तो उभारून घेतला होता. तो अरुंद दरीच्या तोंडाशी, समुद्रापासून आत आहे; पाणी त्याच्यावरूनही आलं, पण वस्तीआधी थांबलं. रुंद उपसागराच्या गावाला ही सोय नसते.

‘वीस हजार अणुभट्टीने मारले’

आकडा जवळपास बरोबर, कारण चूक. तपासलेल्या मृतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बुडून मेले होते. किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे. पण यावरून अणुभट्टी निर्दोष ठरत नाही: सुमारे १४-१५ मीटरची लाट आली, आपत्कालीन डिझेल जनरेटर बरेचसे तळघरात होते, ते बुडाले. त्यानंतर घाईने हलवलेले रुग्ण, वर्षानुवर्षं घराबाहेर राहिलेले वृद्ध, आत्महत्या असे फुकुशिमा प्रांतात आपत्तीशी संबंधित २,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले.

‘शिस्त रक्तात आहे’

१९२३ च्या भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत, आगी लावताहेत अशी अफवा उठली. गल्लोगल्ली टोळ्या उभ्या राहिल्या आणि हजारो कोरियन, तसेच काही चिनी आणि खुद्द जपानी माणसं मारली गेली. त्यात पोलीस आणि लष्कराचाही हात होता. रक्त तेच होतं.

आज जी शिस्त दिसते ती शाळेच्या वेळापत्रकात बसवलेली गोष्ट आहे. कामाइशीच्या उनोसुमाई भागात २०११ मध्ये शाळेची मुलं कुणाची वाट न बघता धावली. पहिली ठरलेली जागा धोक्याची वाटली तेव्हा आणखी वर गेली आणि वाचली. इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत मात्र मुलांना जवळपास ५० मिनिटं मैदानात रांगेत थांबवलं गेलं. मागे टेकडी होती. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. शाळेची आणि प्रशासनाची आधीची तयारीच अपुरी होती, असं न्यायालयाने म्हटलं. सर्वोच्च न्यायालयात तो निकाल २०१९ मध्ये कायम झाला.

त्याच उनोसुमाईत ‘आपत्ती निवारण केंद्र’ नावाची इमारत होती. त्सुनामीत पळून जाण्याची अधिकृत जागा उंचावर होती, पण वृद्धांना चढण जड जायची, म्हणून ३ मार्च २०११ च्या सरावात लोकांना सोयीच्या या केंद्रातच जमवलं गेलं. आठ दिवसांनी लोक सरावाप्रमाणे तिथे गेले. तिथे दीडशेहून अधिक माणसं बुडाली.